‘लॉयल्टी’ : एका बोटीचे रसग्रहण

नगर जिल्ह्याला समुद्र नाही. पारनेरच्या पठारावरून मावळतीकडे निघाले तर आधी सह्याद्री उतरायचा, मग कोकण ओलांडायचे, तेव्हा कुठे पाणी दिसणार. याच पठारावर जामगावात महादजी शिंद्यांचा भक्कम वाडा आहे आणि दक्षिणेला श्रीगोंद्यात, शिंद्यांच्या जुन्या जहागिरीच्या गावी, त्यांच्या वाड्यांच्या खुणा आहेत. हे घराणे वाढले ते घोड्यांच्या पाठीवर. पानिपत, दिल्ली, उज्जैन, ग्वाल्हेर असा त्यांचा सगळा भूगोल कोरडा. त्याच घराण्यातल्या माधवराव शिंद्यांनी १९१४ च्या डिसेंबरात एक महासागरी प्रवासी बोट विकत घेतली. तिचे आधीचे नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’, नंतरचे ‘लॉयल्टी’. चार-सव्वाचार वर्षांनी ती सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या आणि त्यांच्या भागीदारांच्या हाती गेली, आणि तिच्यासाठी निघालेल्या कंपनीला नाव मिळाले तेही शिंद्यांचेच, इंग्रजी उच्चारातले : सिंदिया.

कवितेचे, चित्राचे, एखाद्या बंदिशीचे रसग्रहण करण्याची आपल्याला सवय आहे. बोटीच्या वाट्याला मात्र टनांचे आकडे आणि बुडाल्याची तारीख एवढेच येते. हा अन्याय आहे असे मला वाटते. प्रवासी बोट हीसुद्धा कुणीतरी विचारपूर्वक केलेली रचना असते. कोणी कुठे बसावे, कोणी कोणाच्या नजरेस पडू नये, वारा कोणाच्या खिडकीतून आत यावा आणि कोळशाचा धूर कोणाच्या अंगावरून जावा, हे सगळे आधी कागदावर ठरलेले असते. केवळ मौजेखातर समुद्रावर जाण्याची जी चाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली आणि विसाव्याच्या पहिल्या तीन-चार दशकांत बहरली, तिची सगळी घडण या एका बोटीत दिसते. आणि तीच बोट आपल्या माणसांच्या हाती आल्यावर त्या घडणीतले काय टिकले आणि काय गळून पडले, तेही दिसते.

आधी तिचे रूप. व्हँकुव्हरच्या धक्क्यावर काढलेली तिची छायाचित्रे पाहायला मिळतात. नजर पहिल्यांदा जाते ती नाळेवर. १८९० सालापर्यंत आगबोटींची नाळ सरळ, सुरीने कापल्यासारखी झाली होती. हिची मात्र जुन्या शिडाच्या जहाजांसारखी पुढे झेपावलेली, बाकदार. पोटात वाफेची यंत्रे, मागे दोन प्रोपेलर, वेग ताशी १६ सागरी मैल. शिडांची तिला फारशी गरज नव्हती. तरी तीन डोलकाठ्या दिमाखात उभ्या. मध्ये पिवळसर रंगाची दोन धुराडी. आणि सगळे अंग पांढरेशुभ्र. लांबी साडेचारशे फुटांच्या वर आणि रुंदी एकावन्न फूट, म्हणजे लांबी रुंदीच्या जवळजवळ नऊपट. टनभार ५,९०५, म्हणजे पुढच्या काळातल्या राक्षसी बोटींच्या तुलनेत किरकोळच. तिच्याकडे पाहून कोणालाही मालाची बोट आठवणार नाही. एखाद्या राजाची खासगी नौका आठवेल. बांधणाऱ्यांना हेच हवे होते. इंग्लंडातल्या बॅरो-इन-फर्नेस इथे बांधलेल्या या बोटीची मालक होती कनेडियन पॅसिफिक रेल्वे, आणि तिला आपल्या गिऱ्हाइकाला असे वाटायला लावायचे होते की तो तिकीट काढून नव्हे, आमंत्रणावरून आला आहे.

पांढरा रंग हे त्या आमंत्रणाचे पहिले अक्षर. उन्हाच्या प्रदेशात पांढरे अंग कमी तापते, हे एक कारण. पण कोळशावर चालणारी बोट पांढरी ठेवायची म्हणजे ती रोज धुवायची, आणि बंदराला लागली की पुन्हा रंगवायची. काळा रंग स्वस्त पडतो आणि मळ झाकतो. पांढऱ्या रंगाने बोट सांगते, की इथे हातांची कमतरता नाही. ते हात कोणाचे, हा प्रश्न प्रवाशाने विचारायचा नसतो. ‘एम्प्रेस’ बोटींवर ते बहुतेक चिनी खलाशांचे होते. पी. अँड ओ. कंपनीच्या, मुंबईला येणाऱ्या बोटींवर ते आपल्या किनाऱ्यावरचे असत : डेकवर सारंग आणि टंडेल यांच्या हाताखालचे खलाशी, जेवणघरात गोव्याचे बटलर आणि आचारी. गोव्याच्या माणसांचे मुंबईतले बिऱ्हाड म्हणजे धोबीतलावच्या बाजूची गावोगावची ‘कूड’. एक फेरी संपली की तिथे पेटी टाकायची आणि पुढच्या बोटीची वाट पाहत बसायचे. मौजेच्या समुद्रप्रवासाचा इतिहास लिहिताना पुष्कळ लेखक कप्तानाच्या मेजावरचे पदार्थ सांगतात. ते पदार्थ ज्यांनी रांधले त्यांच्या गावांची नावे सहसा सांगत नाहीत.

आता तिचा पहिला प्रवास. ८ फेब्रुवारी १८९१ रोजी ती लिव्हरपूलहून निघाली. तिचे नेमलेले काम पॅसिफिक महासागरात, व्हँकुव्हर आणि हाँगकाँग यांच्या दरम्यान. तिथे रिकामी पोचवण्यापेक्षा कंपनीने जगप्रदक्षिणेची तिकिटे काढली : सुएझमार्गे कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, जपान, मग व्हँकुव्हर; तिथून कंपनीच्याच आगगाडीने कॅनडा ओलांडायचा आणि अटलांटिकवरून घरी. २८ एप्रिलला ती व्हँकुव्हरला लागली. ती लिव्हरपूलहून निघाली त्याच्या अवघे सतरा दिवस आधी, २२ जानेवारीला, जर्मनीतल्या कुक्सहाफेनहून ‘ऑगुस्टा व्हिक्टोरिया’ ही हँबुर्ग-अमेरिका कंपनीची बोट २४१ प्रवासी घेऊन भूमध्य समुद्राच्या सहलीला निघाली होती. आजच्या सागरी सहलींची सुरुवात या फेरीपासून मानण्याचा प्रघात आहे. तिच्यामागे डोके होते आल्बेर्ट बालिन या व्यवस्थापकाचे. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवर वादळे असतात, प्रवासी नसतात, बोटी धक्क्याला बसून पैसे खातात. त्यांना उन्हाकडे पाठवले तर? सहकारी हसले, बोट भरली, बालिन जिंकला. एकाच हिवाळ्यात दोन कंपन्यांना, वेगवेगळ्या गरजेतून, एकच गोष्ट सुचली : रिकाम्या बोटीत हौस भरता येते. बालिनने पुढे १९०० साली ‘प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ ही खास सहलीसाठीच बांधलेली बोट पाण्यात उतरवली. सगळी फक्त पहिल्या वर्गाची. तीही पांढरी, तीही नौकेसारखी बाकदार. १९०६ च्या डिसेंबरात ती जमैकाच्या खडकांवर गेली आणि कप्तानाने खोलीत जाऊन स्वतःवर गोळी झाडून घेतली.

म्हणजे रचनेचा मूळ हेतू असा : कुठेही पोचण्याची घाई नसलेला प्रवास. जिथून निघालो तिथेच परत यायचे. ही कल्पना आपल्याला अपरिचित नव्हती. नर्मदेची परिक्रमा करणाराही निघालेल्या जागीच परत येतो, आणि चालणे हेच त्याचे फळ असते. फरक सामानात आहे. परिक्रमेला झोळी पुरते. जगप्रदक्षिणेच्या प्रवाशाला सकाळचा, दुपारचा आणि रात्रीच्या जेवणाचा असे वेगळे पोशाख लागत, त्यासाठी पेट्या लागत, पेट्यांसाठी हमाल लागत. डेकवर फेऱ्या मारण्यासाठी तर एक अख्खा मजला राखून ठेवलेला. इतके फूट चालले की एक मैल होतो, हा हिशेब तिथे तोंडपाठ असे. जहाज पुढे जातेय, तुम्ही त्याच्यावर गोल फिरताय. या चालण्याची चेष्टा करणे सोपे आहे, पण मला त्यात एक निर्व्याज सुख दिसते. ज्याला कामाला जायचे नाही असा माणूस समुद्राच्या वाऱ्यात चालतो आहे. वाईट एवढेच, की तो जिथे चालतो त्याच्या तीन मजले खाली दुसरी माणसे कोळसा ओढत आहेत, आणि मधले मजले असे बेतले आहेत की दोघांची गाठ पडू नये.

आराखडा वाचताना इथेच थांबावे लागते. पहिल्या वर्गात साधारण १२० माणसांची सोय, दुसऱ्यात ५०, आणि सगळ्यात खाली ६०० च्या आसपास. जाहिरातीत चित्र असायचे पहिल्या १२० जणांचे. खाली प्रामुख्याने पूर्वेकडचे कष्टकरी, एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर रोजगारासाठी जाणारे. पोटात चहा आणि रेशीम. रेशीम इतके मोलाचे की व्हँकुव्हरला उतरवले की त्यासाठी खास गाड्या धावत. त्याशिवाय टपाल, आणि त्या टपालासाठी सरकारी अनुदान. म्हणजे जिला आपण आलिशान बोट म्हणतो ती खरे तर मजूर, रेशीम आणि पत्रे यांच्या जिवावर तरंगत होती. वरची मौज ही त्या व्यवहारावरची साय. ही सगळी रचना मला आवडते ती तिच्या प्रामाणिक बेरकीपणामुळे : एकाच अंगात चार बोटी, आणि प्रत्येक प्रवाशाला वाटावे की आपलीच तेवढी खरी.

त्या काळी आपल्याकडे समुद्र ओलांडणे मौजेचे नव्हतेच. आधी प्रायश्चित्ताचा प्रश्न, मग खर्चाचा, मग परत आल्यावर पंगतीत बसू देतील का याचा. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट १९०४ साली शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले, ते अभियांत्रिकी शिकायला. परतले ते बॉम्बची विद्या घेऊन, आणि पुढे मुळशीच्या सत्याग्रहात सेनापती झाले. सामान्य माणसाचा समुद्रप्रवास म्हणजे कोकणातल्या बंदरांची ये-जा, नाहीतर हज. या हजचीही एक गंमत आहे. युरोपातल्या हौशी लोकांना इजिप्त दाखवणाऱ्या थॉमस कुक कंपनीलाच १८८६ साली हिंदुस्थान सरकारने हज यात्रेकरूंची व्यवस्था सोपवली होती. वरच्या डेकवरच्या माणसाला पिरॅमिड दाखवणारे आणि खालच्या डेकवरच्या माणसाला जेद्दाला पोचवणारे एकच. यात्रेच्या धंद्यात कंपनीला तोटा आला आणि काही वर्षांत तिने तो सोडला. राजेमहाराजांची तऱ्हा वेगळी. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला जाताना जयपूरच्या माधोसिंगांनी ‘ऑलिंपिया’ ही आख्खी बोटच भाड्याने घेतली आणि गंगाजलासाठी चांदीचे प्रचंड रांजण बरोबर नेले. समुद्र ओलांडायचा पण समुद्राचा विटाळ होऊ द्यायचा नाही, यावर काढलेला हा तोडगा भाबडा म्हणा, पण भव्य होता.

ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे त्या मानाने आधुनिक. १९०० साली चीनमधल्या लढाईसाठी त्यांनी ‘ग्वाल्हेर’ नावाची रुग्णनौका दिली होती आणि स्वतः तिकडे गेलेही होते. त्यामुळे १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनी पुन्हा बोटच निवडली याचे नवल नाही. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ आता चोवीस वर्षांची झाली होती. तिच्या जागी नव्या, मोठ्या ‘एम्प्रेस’ बोटी आल्या होत्या. संस्थानिकांच्या वतीने तिची रुग्णनौका झाली आणि ‘लॉयल्टी’ हे नाव १९१५ च्या जानेवारीत तिच्या अंगावर आले. नावात कमालीचा दरबारी विनय आहे. सम्राज्ञीचे नाव पुसून निष्ठेचे लिहायचे, म्हणजे आज्ञा करणारीच्या जागी आज्ञा पाळणारी आणून बसवायची. मला हे नाव आवडत नाही, पण त्या काळाच्या संस्थानी राजकारणाचा त्याहून नेमका दस्तऐवज सापडणे कठीण.

आणि आता तिच्या पांढऱ्या रंगाला दुसरा अर्थ आला. १९०७ च्या हेग करारानुसार रुग्णनौका पांढरी रंगवावी लागे, अंगावर आडवा रंगीत पट्टा आणि रेडक्रॉसची खूण लागे, म्हणजे शत्रूने तोफ डागू नये. जो रंग काल सांगत होता की इथे श्रीमंत आहेत, तोच आज सांगू लागला की इथे जखमी आहेत, मारू नका. रंग बदललाच नाही, बोलणारे बदलले. प्रवासी बोटी रुग्णनौका म्हणून उपयोगी पडल्या याचे कारणही त्यांच्या मौजेच्या रचनेतच आहे. हवेशीर दालने, मोठी स्वयंपाकघरे, कपडे धुण्याची सोय, वारा खेळता राहील असे डेक : जे श्रीमंताच्या सुखासाठी योजलेले, ते तापाने फणफणलेल्या शिपायालाही सुखाचे. रसग्रहणात एक कसोटी नेहमी लावतात, की कृती आपल्या निर्मात्याच्या हेतूपलीकडे जाऊन काही बोलते का. या कसोटीला ‘लॉयल्टी’ महायुद्धाच्या काळात उतरली.

याच काळात नगरला समुद्राची माणसे आली, पण कैदी म्हणून. हिंदुस्थानातल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांना पकडून सरकारने नगरच्या लष्करी छावणीत ठेवले. त्यात व्यापारी होते, मिशनरी होते, बंदरांत अडकलेल्या जर्मन जहाजांवरचे दर्यावर्दीही होते. पाच-सहा वर्षांपूर्वी, १९०९ सालच्या हिवाळ्यात, बालिनच्या कंपनीची ‘क्लीव्हलँड’ ही बोट अमेरिकन हौशी प्रवासी घेऊन जगाच्या फेरीत हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागली होती. आता बालिनच्याच देशाची माणसे काटेरी तारेमागे होती, आणि भुईकोट किल्ल्याच्या गावात त्यांना समुद्राचा वाससुद्धा येत नव्हता. काहींना पुढे ‘गोलकोंडा’ बोटीने मायदेशी धाडण्यात आले. स्वतः बालिनने ९ नोव्हेंबर १९१८ रोजी, कैसरने गादी सोडली त्याच दिवशी, जीव संपवला. समुद्रावरच्या सहलीचा धंदा शांततेवर उभा असतो. त्याला युद्ध कधीच पचत नाही.

आता तिचा मराठी प्रवास. युद्ध संपले होते. बोटी बुडालेल्या, उरलेल्या सरकारने ताब्यात घेतलेल्या, आणि विलायतेला जायला जागा मिळत नव्हती. ग्वाल्हेरच्या महाराजांची बोट विकाऊ आहे हे वालचंद हिराचंदांच्या कानावर आले. ते तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. रेल्वेच्या बांधकामांचे ठेकेदार. बोटीचा अनुभव शून्य. त्यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास यांना जोडीला घेऊन बोट घेतली. २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची नोंदणी झाली आणि नऊ दिवसांत, ५ एप्रिलला, ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. वालचंद स्वतः तिच्यावर होते.

तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. दुसऱ्या दिवशी, ६ एप्रिलला, रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ. मुंबईत गांधीजींच्या हाकेवरून लोक सकाळी चौपाटीवर समुद्रस्नानाला जमले आणि उपास धरला. म्हणजे एका दिवसाच्या अंतराने मुंबईच्या समुद्राला आपली माणसे दोन तऱ्हांनी भिडली : काही त्याच्यावरून गेली, काही त्यात उतरली. तेरा तारखेला जालियनवाला बाग झाली तेव्हा ‘लॉयल्टी’ अजून वाटेतच होती. या प्रवासाबद्दल लिहिताना भारावून जायला होते, आणि बरेच जण जातात. मी शक्य तितके थंड डोक्याने पाहतो. बोट अठ्ठावीस वर्षांची. युद्धात राबलेली. प्रवासी आणि टपाल यांच्यासाठी बेतलेली, त्यामुळे मालाला जागा कमी आणि कोळशाचा खर्च दांडगा. ब्रिटिश कंपन्यांच्या हातात बंदरे, कोळसा, विमा, दलाल. अशा बोटीने नियमित वाहतूक करून नफा काढणे कोणालाच जमले नसते.

मग त्यात ग्रहण करण्यासारखा रस कोणता? माझ्या मते तो आहे वापराच्या उलटापालटीत. ही बोट ज्यांना पाहुणे मानून बांधली गेली होती त्यांच्यात हिंदी माणूस नव्हता. होताच तर खालच्या वर्गात. १९१९ च्या एप्रिलमध्ये तोच माणूस तिचा मालक म्हणून तिच्या वरच्या डेकवर उभा होता. डेक तोच, वारा तोच, कठडाही तोच. पण वरच्या डेकवर फिरणाऱ्याच्या डोक्यात आता फेऱ्यांचा हिशेब नव्हता; कोळशाचा, भाड्याचा आणि लंडनला पोचल्यावर आणखी बोटी कुठे विकत मिळतील याचा होता. वालचंदांनी तिथे मालवाहू बोटी घेतल्याच. एका अर्थाने ‘लॉयल्टी’ ही सिंदियाची पहिली बोट असूनही पुढच्या धंद्याशी तिचा संबंध नाही. ती प्रस्तावना होती. प्रस्तावना सुंदर, पण पुस्तक निराळे, असा प्रकार आपल्याकडे वाङ्मयातही होतोच.

पुढची गोष्ट पी. अँड ओ. कंपनीचे प्रमुख लॉर्ड इंचकेप यांच्याशी झालेल्या झुंजीची आहे आणि ती अन्यत्र पुष्कळ लिहिली गेली आहे. भाडी पाडण्याची लढाई झाली, आणि १९२३ साली करार होऊन सिंदियाला किनारी वाहतुकीत हात बांधून घ्यावे लागले. त्याच वर्षी ‘लॉयल्टी’ मुंबईत भंगारात निघाली. त्याच हिवाळ्यात ‘लॅकोनिया’ ही बोट अमेरिकन प्रवाशांना घेऊन, मध्ये बोट न बदलता, जगाची पुरी फेरी मारत होती. १९२२ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कहून निघून मार्च १९२३ अखेर तिथेच परत. १८९१ मध्ये ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’च्या प्रवाशांना जगप्रदक्षिणेसाठी मध्ये आगगाडी घ्यावी लागली होती. पनामाचा कालवा खुला झाल्यावर ती अडचण गेली. पहिल्या पिढीची बोट हातोड्याखाली तुटत असताना तिची नात तेच स्वप्न पुरे करत होती.

यानंतरचे दशक म्हणजे सागरी सहलींचा सुवर्णकाळ, असे म्हणतात. त्याचे एकच उदाहरण मला पुरेसे वाटते. १९३१ साली कनेडियन पॅसिफिकने ‘एम्प्रेस ऑफ ब्रिटन’ ही ४२,००० टनांची नवी पांढरी बोट आणली. उन्हाळ्यात ती अटलांटिकवर धावे, तेव्हा तिला चार प्रोपेलर. हिवाळ्यात जगफेरीला निघताना त्यातले दोन काढून ठेवत. घाई नाही, मग इंधनावर खर्च कशाला? पोचण्याची गरज नसलेल्या प्रवासाचे इतके सुंदर, इतके व्यवहारी रूपक कोणा कवीला सुचले नसते. ते इंजिनिअरांना सुचले.

त्याच १९३१ साली नगरचा एक माणूस पी. अँड ओ.च्या ‘राजपुताना’ बोटीवर होता. मेहेरबाबा. जन्म पुण्याचा, पण ठाणे नगरजवळच्या अरणगावचे मेहेराबाद, जिथे आधी महायुद्धातली लष्करी छावणी होती. १० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन धरले होते आणि ते इंग्रजी अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून बोलत. २९ ऑगस्टला गांधीजी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून याच बोटीत चढले होते. मेहेरबाबा १ सप्टेंबरला कराचीला चढले. वाटेत त्यांच्या भेटी झाल्या. ‘राजपुताना’वर पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग, गांधीजींनी दुसरा घेतला, कारण त्याहून खालचा नव्हता. सोबतच्या मंडळींनी आणलेल्या पेट्यांचा ढीग पाहून ते चिडले आणि जादा सामान एडनवरून परत धाडायला लावले. झोपायचे ते उघड्या डेकवर.

मौजेच्या प्रवासाचा सगळा सरंजाम एकीकडे ठेवा आणि ही दोन माणसे दुसरीकडे. जिथे कपड्यांनी माणसाचा वर्ग ठरतो तिथे एकाच्या अंगावर पंचा. जिथे जेवणाच्या मेजावरचे संभाषण ही कला समजतात तिथे दुसरा अक्षरही बोलत नाही. बोटीच्या रचनेने ठरवून दिलेली एकही भूमिका त्यांनी स्वीकारली नाही, आणि तरी त्या बोटीचा खरा उपयोग त्यांनीच केला असे मला वाटते. डेक मोकळ्या आभाळाखाली झोपण्यासाठी आणि बोटीतले रिकामे दिवस कोणाला तरी निवांत भेटण्यासाठी. ११ सप्टेंबरला ‘राजपुताना’ मार्सेलला लागली. दहा वर्षांनी, १३ एप्रिल १९४१ रोजी, युद्धनौकेचे काम करत असताना जर्मन पाणबुडीने ती आइसलँडच्या पश्चिमेला बुडवली.

‘लॉयल्टी’चे आता काही उरले नाही. १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो तिच्या त्या एका फेरीचा. त्या दिवशीच्या भाषणांत तिला नुसते ‘पहिले स्वदेशी जहाज’ म्हणून सोडून देतात. ती इंग्लंडात बांधलेली, कॅनडाच्या रेल्वे कंपनीने सजवलेली, चिनी मजूर आणि रेशीम वाहून म्हातारी झालेली, आणि दख्खनच्या एका घोडेस्वार घराण्याने जखमींसाठी विकत घेतलेली बोट होती, हे सांगितले तर तिची थोरवी कमी होत नाही. धंदा म्हणून ती फेरी फसली; कृती म्हणून ती त्या काळातल्या मोजक्या धाडसांपैकी एक आहे. वालचंदांच्या कंपनीने विशाखापट्टणमला उभारलेल्या गोदीतून पहिले मोठे जहाज, ‘जलउषा’, १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. ते ८,००० टनांचे होते आणि मालवाहू होते.